बीपी त्यांचा, पथ्य माझं

आधी माफी मागून घेते. लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, आणि अक्षर म्हणाल तर जुन्या तांदळात किडे फिरावेत तसं पानभर फिरतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नायगाव तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावच्या शाळेत पाचवीचा वर्ग नव्हता, आणि पोरीसाठी पाचवी हुडकत दुसऱ्या गावाला जावं एवढा वेळ घरात कुणाला नव्हता.

ही वही खरं तर आमच्या मालकांच्या बीपीची आहे. पुढून उघडली की तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा असे रकाने आहेत. मी मागून उघडून लिहिते आहे. कुणी वाचेल ही भीती नाही. पुढचे आकडे स्वतःचे असूनही मालकांनी कधी वही उघडलेली नाही. मागच्या पानांवर बायकोचं काय आहे ते बघायला ते कशाला येतील.

आताचं आमचं गाव, म्हणजे सासर, किल्लारीच्या जवळ. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं, म्हणून रस्ते सरळ, घरं एका मापाची, आणि एका घरात कुणी शिंकलं की चौथ्या घरात कळतं. घरात मालक, सासूबाई आणि मी. पोरगी नांदेडला दिली आहे. पुढच्या खोलीत मालकांचं किराणा दुकान. शेजारच्या घरात धाकटे दीर. वाटण्या झाल्या तरी मधली भिंत एकच. त्यांचं किल्लारीत खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि दारात जीप आहे, म्हणजे घरातले मोठे तेच, वयानं धाकटे असले तरी. घर लिंगायताचं. अंड्यांचा टेम्पो दारावरून गेला तर सासूबाई उंबऱ्यावर पाणी शिंपडतात.

साडेतीन वर्षांमागं आशाताई बीपीची मशीन घेऊन दुकानात आली. आशा हे तिचं नाव नव्हे, कामाचं नाव; सरकारी दवाखान्याकडून गावात घरोघर फिरते ती बाई. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचा बीपी मोजायचा, असं तिला वरून सांगितलं होतं. मालकांनी हात पुढं केला तो उपकार केल्यासारखा. आकडा आला, वर एकशे ऐंशी, खाली एकशे दहा. तिनं पाच मिनिटं शांत बसवून परत मोजला, दुसऱ्या हाताला मोजला, दोन दिवसांनी येऊन पुन्हा मोजला. आकडा काही लाजेना. मालक म्हणाले, मशीन सरकारी आहे, असंच दाखवणार.

उपकेंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं. गोळी रोज सकाळी घ्यायची, बरं वाटत असलं तरी घ्यायची. मीठ कमी, तंबाखू बंद, रोज अर्धा तास चालायचं. नाहीतर मेंदूतली नस एखाद्या दिवशी अडकेल नाहीतर फुटेल. मालकांनी सगळ्याला मान डोलावली आणि उपकेंद्राच्या फाटकातच तंबाखू मळायला घेतली.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. मालक, सासूबाई आणि दीर. मी चहा द्यायला होते. मालकांचं म्हणणं, माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग आजार आहे कुठं. दिरांचं म्हणणं, बीपीची गोळी एकदा लागली की दारूसारखी सुटत नाही, तेव्हा लावूच नये. सासूबाईंनी मात्र रोगाचं मूळ शोधून काढलं. बीपी रागानं वाढतो, आणि नवऱ्याला राग बायकोमुळं येतो.

"त्याला उलटून बोलत जाऊ नकोस," त्या मला म्हणाल्या. "त्याचा बीपी तुझ्या हातात हाय."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि मी उलटून काय, सुलटूनही फारशी बोलले नव्हते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे सगळ्या पाहुण्यांत माहीत आहे. तरी त्या दिवसापासून माझं पथ्य सुरू झालं. भाजीत मीठ कमी पडलं तर त्यांना राग येतो, म्हणून मीठ कमी करायचं नाही. तंबाखूची पुडी सापडली नाही तर राग येतो, म्हणून ती मीच समोर आणून ठेवायची. चालायला जा म्हटलं की राग येतो, म्हणून तसं म्हणायचं नाही. डॉक्टर मॅडमनी सांगितलेली एकेक गोष्ट बीपीला घातक निघाली. महिनाभर मी हे पथ्य पाळलं आणि आकडा होता तिथंच राहिला. सासूबाई म्हणाल्या, तोंडानं बोलत नसशील, मनात बोलत असशील. ते मात्र खरं होतं.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. त्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायच्या, आणि तिथंच घोटाळा झाला. मालक दुकानदार माणूस. साबणावर चमचा फुकट मिळतो तो पहिल्याच दिवशी वाकतो, हे त्यांनी पाहिलेलं. फुकटच्या वस्तूत दम नसतो. त्यांनी गोळ्यांची पाकिटं दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्यांच्या बरणीत टाकली. मग ज्याला जसं लागेल तसं वाटप सुरू झालं. सासूबाईंनी गुडघ्यासाठी दोन खाल्ल्या. शेजारच्या म्हातारीला चक्कर येत होती, तिला एक दिली. तिला आणखी चक्कर आली. मालक स्वतः गोळी घ्यायचे, नाही असं नाही. आशाताई महिन्यातून एकदा यायची, तिच्या येण्याआधीचे तीन दिवस घ्यायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाढे पाठ करावेत तसं. आकडा जरा खाली आलेला दिसला की म्हणायचे, आला की खाली, आता गोळी कशाला.

असं वर्षभर चाललं.

मग एका सकाळी दुकानात साखर जोखताना त्यांच्या हातातून पुडा निसटला. मी आतून बघितलं तर तोंडाची डावी बाजू खाली ओघळलेली. काहीतरी बोलायला गेले ते तोंडात भिजवलेले हरभरे भरल्यासारखं ऐकू आलं. सासूबाई म्हणाल्या, वारं गेलं अंगावरून. दिरांनी जीप काढली.

निलंग्याच्या पलीकडं सीमेकडच्या एका खेड्यात लकव्याचं औषध देणारा एक माणूस आहे. तिकडं जाताना लातूरचा फाटा लागतो. जीप फाट्यावर जराही अडखळली नाही. मी मागच्या बाजूला मालकांचं डोकं धरून बसले होते. तासभर गेला असेल, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून पाणी मागितलं. अगदी स्वच्छ शब्दात. तोंड सरळ झालं होतं, आणि डाव्या हातानं त्यांनी माझ्या हातातला तांब्या धरला. पुढं दीर गाडी हाकत होते, सासूबाई जप करत होत्या. त्यांना काही दिसलं नाही. मी काही बोलले नाही.

औषध फुकट होतं. फक्त कबूतर विकत घ्यायचं, ते त्याच माणसाच्या घरून. नारळ आणि पांढरं कापड त्याच्या भावाच्या दुकानातून. फुकटच्या औषधात दम नसतो हा नियम इथं लागू नव्हता, कारण एवढं सगळं घेईपर्यंत ते फुकट राहतच नव्हतं. त्यानं कबूतर कापलं आणि गरम रक्त मालकांच्या डाव्या अंगाला खांद्यापासून तळहातापर्यंत चोळलं. ज्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत, त्या घरच्या थोरल्या मुलाच्या अंगाला. सासूबाई डोळे मिटून उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतःची समजूत काढली.

"चोळायचंच हाय," त्या म्हणाल्या, "खायचं थोडंच हाय."

धर्म वाचला. औषधवाल्यानं मालकांना हात वर करायला सांगितला, मालकांनी केला. नाव सांगा म्हटलं, सांगितलं. बाहेर ओळीत बसलेली माणसं उठून बघायला आली. अर्ध्या तासात गेलेला माणूस परत आणला म्हणून त्या दिवशी त्याची दहा-वीस कबुतरं जास्तच खपली असतील. निघताना त्यानं पथ्य सांगितलं: इंग्रजी गोळी घ्यायची नाही, घेतली तर कबूतर बाद होतं. एवढं पथ्य मात्र मालकांनी काटेकोर पाळलं.

आशाताईला हे गावातून कळलं. ती दुपारी आली, मालक झोपले होते, तेव्हा सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. इतकी रागावलेली मी तिला कधी बघितली नव्हती, आणि रागावूनही ती हळू आवाजात बोलत होती. मी जीपमधलं तिला सांगितलं. तिलाच पहिल्यांदा सांगितलं.

"वहिनी, हे बरं होणं न्हवं," ती म्हणाली. "ही नोटीस हाय. नस अडकली आन् आपली आपण सुटली. दर खेपंला सुटत नसती."

मालकांना लगेच लातूरला नेऊन तपासून आणा म्हणाली. ते होणार नाही हे तिलाही माहीत होतं, म्हणून मग तिनं मला शिकवलं. तोंड वाकडं दिसलं, हात खाली पडला, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघायचं. एकशे आठला फोन लावायचा. तोंडात पाणी नाही, गोळी नाही, अंगाला चोळणं नाही. डोक्याचा स्कॅन निघतो अशा दवाखान्यात साडेचार तासांच्या आत पोचायचं, आणि साडेचार तास आहेत म्हणून वाटेत चहा प्यायचा नाही. नस अडकलेली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात. वेळ गेल्यावर ते देता येत नाही. मी शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं. तोंड, हात, बोलणं, घड्याळ. भाकरी थापताना म्हणायचे, भांडी घासताना म्हणायचे. चौथीनंतर पाठ केलेली ही माझी पहिलीच कविता.

गोळीचा विषय मी मालकांजवळ एकदा काढला. कबूतर बाद करतीस का, म्हणाले. मग मी आमटीत मीठ कमी करून बघितलं. सासूबाईंनी पहिल्याच घासाला ओळखलं आणि मिठाची वाटी पानाजवळ आणून ठेवली. तेव्हापासून ते वरून घ्यायला लागले, म्हणजे आधीपेक्षा जास्तच.

चार महिन्यांनी दुसरी खेप आली.

आमच्यात इष्टलिंगाची पूजा करताना लिंग डाव्या तळहातावर घेतात. मालक आंघोळ करून पाटावर बसले होते. मी फुलं घेऊन आले, तेवढ्यात त्यांचा डावा हात हळूहळू खाली गेला आणि लिंग तळहातावरून घरंगळून पाटाखाली गेलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वाआठ. दुकानाचं ते घड्याळ मालकांनी पाच मिनिटं पुढं लावून ठेवलंय, म्हणजे आठ दहा.

लिंग हातातून पडणं ही आमच्यात लहान गोष्ट नाही. मीही ती लहान मानत नाही. पण त्या सकाळी जे झालं ते असं. सासूबाई कपाळावर हात मारून खाली बसल्या. दीर धावत आले आणि पाट सरकवून लिंग शोधायला लागले. जाऊबाईंना लिंग धुवायला दूध आणायला पिटाळलं. लिंगाला चीर गेली का ते उजेडात धरून बघितलं. मठातल्या स्वामींना बोलवायचं, दोष किती, तो कसा काढायचा, यावर बोलणं सुरू झालं. आणि मालक भिंतीला टेकून डावीकडं कलत चालले होते, तोंड पुन्हा ओघळलेलं, डोळे माझ्याकडं लावलेले. देवाला उचलायला तिघं होते. माणसाला उचलायला मी एकटी.

सासूबाईंनी तीर्थाची पळी त्यांच्या तोंडाला लावली. पाणी ओठाच्या कडेनं बाहेर आलं आणि त्यांना ठसका लागला. मी सासूबाईंचा हात धरला. पाया पडताना सोडून मी त्यांना कधी हात लावला नव्हता. पाजू नका, गिळता येत नाही त्यांना, असं म्हणाले. कोनाड्यातली समई बोलावी तशा त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

मालकांचा फोन घेऊन मी एकशे आठ लावला. पलीकडचा माणूस तीनदा म्हणाला, बाई, जरा मोठ्यानं बोला. तिसऱ्यांदा मी जितक्या मोठ्यानं बोलले तितकी आयुष्यात बोलले नव्हते. गाडी किल्लारीहून निघते म्हणाला.

दिरांच्या हातात तोवर जीपची किल्ली आली होती. निलंग्याकडं घेऊन जातो, म्हणाले. मी म्हणाले, लातूरला न्यायचं.

"वहिनी, मागल्या खेपंला कुणी बरं केलं, इसरलात का?"

"कुणीच न्हाई केलं," मी म्हणाले. "जीपमधीच बरं झालं व्हतं. पाणी मागितलं तवा जीभ सरळ व्हती. मी ऐकलं व्हतं."

मग सासूबाई म्हणाल्या, "आन् हे आता सांगायलीस?"

"हाव. आता सांगायले."

दिरांनी किल्ली खिशात टाकली. माणूस हिशेबी आहे. त्यांनी तिथल्या तिथं व्यवहार ठरवून टाकला.

"बरं. लातूर तर लातूर. पर तिथं काय कमीजास्त झालं तर ते तुमच्यावर. आन् खर्च बी तुमच्यावर. मी फकस्त उसने देईन."

"माझ्यावर," मी म्हणाले.

गाडी वीस मिनिटांत आली. गाडीतल्या डॉक्टरनं विचारलं, हे कधी सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, सकाळी. दीर म्हणाले, नाष्ट्याच्या आधी. मी म्हणाले, आठ दहा. त्यानं ते हातावर पेनानं लिहिलं.

गाडी सरकारी दवाखान्याकडं चालली होती. दीर मागून जीप घेऊन येत होते, त्यांनी फोन करून सांगितलं की आपला माणूस सरकारीत ठेवायचा नाही, फुकटात काय इलाज होणार. आणि कुठल्याशा मोठ्या खाजगी दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथं स्कॅनची मशीन आहे ना, एवढंच मी डॉक्टरला विचारलं. आहे म्हणाला. मग मी वाद घातला नाही. एका दिवसात किती बोलावं बाईनं.

स्कॅन झाला. तिथले डॉक्टर बाहेर आले. रक्त सांडलेलं नाही, नस अडकली आहे, इंजेक्शन देता येईल, पण वेळ नक्की सांगा म्हणाले. मी आठ दहा सांगितलं, आणि घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं तेही सांगितलं, म्हणजे त्यांनी पुन्हा वजा करू नये. ते जरा हसले. मग गंभीर झाले. या इंजेक्शननं कुणाकुणाला मेंदूत रक्तस्राव होतो, तसं झालं तर जीवही जातो; आणि गुण येईलच असं सांगता येत नाही; न दिलं तर ही बाजू बहुतेक अशीच राहील. कागद पुढं केला. सही करा.

दीर दोन पावलं मागं सरकले. व्यवहार ठरलेला होता.

पेन हातात घेतलं. वाटलं, यात काही झालं तर जन्मभर सगळे म्हणतील, हिनं मारलं. कबुतरानं मेला असता तर देवानं नेला म्हणाले असते. मी नाव लिहिलं. चौथीतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं. नर्स म्हणाली, मावशी, लवकर. मी म्हणाले, लवकरच लिहायले.

सव्वादहाला इंजेक्शन सुरू झालं. दीर कँटीनमध्ये गेले. मी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसले. दुपारी चारला नर्सनं आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, बोट हलवा. मालकांनी डाव्या हाताची करंगळी हलवली. फक्त करंगळी. मग माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले. मी कान जवळ नेला. दुकान उघडं राहिलंय का, असं विचारत होते.

नऊ दिवसांनी घरी आणलं. डाव्या हाताची पकड पूर्ण आली नाही, आणि तो पाय जरा ओढत चालतात. बोलणं मात्र सगळं परत आलं. आमटी अळणी झाली एवढं म्हणायला लागतं तेवढं तर नक्कीच.

गुण कशानं आला यावर गावात मतं पडली. सासूबाई म्हणतात, स्वामींनी दोष काढला म्हणून. दीर म्हणतात, खाजगीत नेलं म्हणून. दुकानावर येणारी माणसं म्हणतात, आधीचं कबूतर अंगात मुरलेलं होतं, त्यानं आतून धरून ठेवलं. आठ दहाचं नाव कुणी घेतलं नाही. मीही कुणाला आठवण करून दिली नाही.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या, बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची. नंतर त्याच आम्ही उपकेंद्रातून आणायला लागलो. आता त्या माझ्या ताब्यात असतात, डोकेदुखीच्या बरणीपासून लांब. रोज सकाळी गोळी, मग आशाताईनं शिकवलं तसा हाताचा व्यायाम, मग लातूरहून आणलेल्या मशीननं मोजून या वहीत आकडा. तंबाखू दुकानातूनच काढून टाकली. गिऱ्हाईक तुटतंय म्हणून मालक आठ दिवस रागावले. राग आला तरी आकडा वाढला नाही, ते मी मुद्दाम मोजून वहीत लिहून ठेवलं आहे. पण पहिल्या महिन्यात गोळी हातात घेऊन बसून राहायचे. म्हणायचे, गावात एवढे लोक आहेत, गोळ्या मलाच का.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी तांदूळ निवडत होते, ते हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू दाबत बसले होते. एकदम म्हणाले,

"जीपमधी माझी जीभ सरळ झाली हे तुला ठाव व्हतं. मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमचा बीपी वाढला असता," मी म्हणाले.

ते पुन्हा चेंडू दाबायला लागले. त्या दिवसापासून गोळी मागावी लागत नाही. आठ वाजले की हात पुढं करतात.

दुकानावर मलाच बसावं लागलं. एका हातानं त्यांना पुडा बांधता येत नव्हता. पहिले दोन महिने माणसं साखर मागायची आणि मी मान खाली घालून किती, एवढंच विचारायचे. बायका जास्त यायला लागल्या. उधारी मागायला लाजणारी बाई आहे असं समजून काही पुरुषही जास्त यायला लागले. मी लाजत लाजत मागत राहिले. लाजून मागितलं की माणूस चिडत नाही, पैसे देतो, हे मला उशिरा कळलं.

लातूरचा खर्च पंच्याऐंशी हजार झाला होता. तो दिरांनी भरला आणि ठरल्याप्रमाणे माझ्यावर होता. त्यांनी कधी मागितला नाही. फक्त आठवण ठेवली. लग्नात, बारशाला, किल्लारीच्या दुकानात गिऱ्हाईकांपुढं, थोरल्याला वाचवायला पंच्याऐंशी हजार कसे टाकले, ते सांगायचे. उसने हा शब्द गाळायचे. मी दर महिन्याला जमेल तसे जाऊबाईंच्या हाती पाठवत होते. तीन हजार, चार हजार, सणाच्या महिन्यात सहा. दीर ते घ्यायचे, आणि लोकांना सांगताना आकडा पंच्याऐंशीच राहायचा.

मध्यंतरी आशाताईनं दिरांचाही बीपी मोजला. एकशे सत्तर आला. ते म्हणाले, धंद्याचा ताण आहे. सासूबाईंनी जाऊबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की नवऱ्याला उलटून बोलत जाऊ नकोस. जाऊबाई माझ्याकडं आली. मी तिला चार ओळींची ती कविता शिकवली आणि गोळ्या कुठं ठेवायच्या तेही दाखवलं. घेतात की नाही ते ती सांगत नाही. तिचं पथ्य चालू असणार.

शेवटचे चार हजार या महिन्यात जमले. ते मी जाऊबाईंकडं दिले नाहीत. मालकांना दुकानावर बसवलं आणि एकटी सवारी भरणाऱ्या जीपनं किल्लारीला गेले. दिरांच्या दुकानात चार-पाच शेतकरी बसले होते. मला बघून दीर उठले, खुर्ची द्यायला लागले. मी उभी राहिले आणि नोटा टेबलावर ठेवल्या.

"ऱ्हाऊ द्या की वहिनी," ते म्हणाले. "घाई काय व्हती."

मी म्हणाले, मोजून घ्या. ते म्हणाले, तुमचे काय मोजायचे. मी म्हणाले, मोजा. माझा आवाज मोठा नव्हता, पण दुकानात दुसरं कुणी बोलत नव्हतं. त्यांनी अंगठा ओला केला आणि मोजले. मग टेबलाच्या खणातली वही काढून आधीचे मिळवले. मी थांबून राहिले.

"झाले पुरे," ते म्हणाले.

किती झाले, मी विचारलं.

"पंच्याऐंशी हजार," दीर म्हणाले. "सगळे आले."